आधी घोडीचे पाय

लगनसराई सुरू झाली की लोक पत्रिका चाळतात, मुहूर्त बघतात, आहेराचं काय करायचं ते ठरवतात. मी पाय बघते. नवरीचे नाहीत आणि नवरदेवाचेही नाहीत. वरातीत घोडी दिसली की माझी नजर तिच्या झुलीवरून, गोंड्यांवरून, कपाळावरच्या खोट्या मोत्यांच्या जाळीवरून घसरत थेट खाली येते आणि पुढच्या दोन खुरांवर जाऊन बसते. बरोबरच्या बायकांना वाटतं, जनावरांची डॉक्टर असूनही बाई किती खाली मान घालून चालते. त्यांचा हा गैरसमज मी अजून दूर केलेला नाही.

आता मी जळगाव जामोदला असते. आज सकाळी दवाखान्यात म्हशीची शिंगं बघत असताना लांबून ताशा ऐकू आला आणि मला एकदम भिजवलेल्या चणाडाळीचा वास आला. समोर डाळ नव्हती, म्हैस होती. पण वास ज्या हंगामाचा होता तो आला की म्हशीचं काही चालत नाही. तो हंगाम जानेफळचा. माझी पहिली नेमणूक, पहिला वैशाख, आणि गावात एवढी लग्नं की पत्रिका ठेवायला मी औषधांच्या कपाटातला एक खण रिकामा केला होता.

गावाला नवीन डॉक्टर मिळाली की गाव तिला जेवायला घालतं. मला रोज कुठे ना कुठे पंगत होती. बाराच्या मुहूर्ताचं लग्न दोनला लागायचं, तोवर मांडवाच्या कापडातून ऊन पिवळं होऊन पानावर पडायचं. वांग्याची भाजी, पुरी, बुंदी आणि बर्फाचे खडे तरंगणारा मठ्ठा. जेवताना हमखास दोन प्रश्न यायचे. एक, माझं लग्न कधी. दोन, आमच्या गाईला दिवस राहत नाहीत, काय करावं. दोन्ही प्रश्न एकच बाई एका दमात विचारायची आणि मी उत्तर कुठल्या प्रश्नाचं दिलं हे तिला शेवटपर्यंत कळायचं नाही.

या सगळ्या लग्नांत नवरे बदलत, नवऱ्या बदलत, आचारीही बदलत. घोडी एकच, बिजली. पांढरी, उजवा कान जरा मुडपलेला, आणि स्वभावानं एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापिकेसारखी. तिची मालकीण नूरखाला. साठीच्या पुढची, काटकुळी बाई. नवऱ्यानं मरताना मागे ठेवलेली ही घोडी तिनं एकटीनं वाढवली होती, शिकवली होती. बिजली नाचायची. ताशा वाजला की पुढचे पाय एकामागून एक उचलून ठेका धरायची, आणि पंचक्रोशीत बिजलीशिवाय परण्या निघत नसे. परण्या म्हणजे नवरदेवाची मारुतीपासून मांडवापर्यंतची मिरवणूक. अंतर चारशे पावलांचं, वेळ दीड तासाचा, कारण मधे प्रत्येक चुलतभावाला नाचून घ्यायचं असतं.

मांडवाच्या दारात मुलीकडच्या बायका घोडीला भिजवलेली चणाडाळ आणि गूळ भरवायच्या. घोडीचं तोंड गोड झालं की मुलीचा संसार गोड. पद्धत गोड आहे, मला तेव्हाही आवडायची. पण एका मावशीनं भरवलं की दुसरी मावशी मागे कशी राहणार? मग आत्या, काकू, शेजारणी, आणि जिच्याशी बोलणं बंद आहे ती थोरली जाऊसुद्धा. मुलाकडचेही मग मुकाट्यानं बुंदीचं ताट पुढे करायचे. नूरखाला नको नको म्हणायची, पण शुभकार्यात घोडीवालीनं किती नको म्हणायचं यालाही मर्यादा होती. तिच्या घरी बिजलीचा खुराक मोजका होता. वाळलं गवत, थोडा कडबा, मूठभर भरडा. लग्नात मात्र ती जावयासारखी जेवायची, आणि जावई रोज जेवायला येत नाही, ही येत होती.

त्या दिवशीच्या लग्नात मी मुलीकडून होते. डांबर पायाला चिकटत होतं. परण्या चौकात आला आणि बिजलीनं एक नवीनच नाच सुरू केला. पुढचे दोन्ही पाय लांब पुढे टाकलेले, सगळं अंग मागे रेललेलं, आणि हळूहळू डाव्या पायावरून उजव्या पायावर, उजव्यावरून डाव्यावर. आधी हे कुणी पाहिलं नव्हतं. बँडवाल्यांनी पाहिलं, चाल बदलली, तिच्या पायांच्या ठेक्यावर वाजवायला लागले. लोकांनी गोल केला. कुणीतरी शिट्टी मारली. वर नवरदेव घामानं निथळत हसत होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मीही वाजवल्या. पाच वर्षं जनावरांच्या दुखण्याचं शिक्षण घेतलेली, भिंतीवर पदवी टांगलेली मी, पुढे घुसून आधी टाळ्या वाजवत होते आणि मग मोबाईलवर चित्रण करत होते. ते चित्रण माझ्याकडे अजून आहे. त्यात माझाच आवाज येतो, "काय सुंदर, काय सुंदर." नंतर कधीतरी ते आवाज बंद करून पाहिलं, तेव्हा त्यात नाच नव्हता. दोन्ही पाय दुखणारं एक जनावर कुठला पाय टेकवू ते ठरवत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाला दवाखान्याच्या पायरीवर बसलेली. घोडी उठत नाही म्हणाली. मी पेटी उचलली आणि वाटेत मनातल्या मनात घोडा आठवू लागले. कॉलेजात घोडा आम्हाला होता, पण तो परीक्षेपुरता. त्याचा पाय मी वहीत फार सुबक काढला होता, आतली हाडं लाल पेन्सिलीनं रंगवून. प्रत्यक्षात इथे गाय, बैल, म्हैस, शेळी आणि सरपंचांचा चिडका कुत्रा. घोडा बघायला मिळाला तो लग्नात, आणि त्याचं मी काय केलं ते वर लिहिलंच आहे.

बिजली अंगणात आडवी होती. दोघांनी मिळून उठवली तर तशीच मागे रेलून उभी राहिली. गावाचं निदान माझ्या आधी येऊन बसलं होतं. अर्ध्या लोकांचं म्हणणं नजर लागली, इतकं नाचल्यावर लागणारच. उरलेल्या अर्ध्यांचं म्हणणं खांदा भरला. कुणीतरी खांद्याला मोहरीचं तेल चोळूनही टाकलं होतं, त्यामुळे बिजलीला लोणच्याचा वास येत होता. माझं निदान तिसरं होतं आणि ते मी मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं. नाल ठोकताना खिळा आतल्या मांसात गेला. वहीत पहिलं कारण तेच होतं.

हे ऐकायला करीमचाचा नेमके तिथे हजर होते. करीमचाचा नालबंद. आयुष्यभर बैलांना नाला ठोकल्या, बिजलीच्याही तेच ठोकायचे. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली, आणि माझ्याकडे न बघता घोडीला सांगितलं, "एका पायात खिळा चुकंल. दोन्ही पायांत चुकाले मी आंधळा हाओ काय?"

मुद्दा बिनतोड होता. खिळा लागला तर एक पाय लंगडतो, खुरात पू झाला तरी बहुधा एकच. इथे दोन्ही पुढचे पाय सारखे दुखत होते. मी खाली बसले आणि पहिल्यांदाच डोकं बाजूला ठेवून हात कामाला लावले. तळवे दोन्ही खुरांवर ठेवले. चुलीवरून नुकत्या उतरवलेल्या तव्यासारखे गरम. खुराच्या वर मागच्या बाजूला बोटांनी नाडी शोधली. एरवी ती शोधून सापडत नाही. तिथे ती बोटांना ढकलत होती. खुराचा तळवा दाबून बघायचा चिमटा माझ्याकडे नव्हता. चाचांनी न बोलता खिळे उपटायची आपली मोठी पकड पुढे केली. खुराच्या टोकाशी हलकेच दाबलं आणि बिजलीनं पाय असा ओढला की मी कडब्यात बसले. दुसऱ्या पायाला तेच, मी परत कडब्यात.

मग वहीतलं ते पान आठवलं. अति दाणा आणि गोड पोटात गेलं की घोड्याचं पोट बिघडतं आणि त्याचं दुखणं निघतं पायांत. खुराच्या आत हाडाला धरून ठेवणारा एक नाजूक थर असतो, तो सुजतो. वरून नखाची कडक पेटी, त्यामुळे सूज जाणार कुठे? आपल्या नखाखाली ठेच लागून रक्त साकळलं की रात्रभर कसं ठणकतं, तसं. फक्त आपल्याला त्या नखावर उभं राहावं लागत नाही. त्यात वर डांबरी रस्त्यावरचा नाच. मी खालाला विचारलं, गेल्या पंधरा दिवसांत हिनं किती मांडवांत डाळ खाल्ली. खाला बोटं मोजायला लागली. दोन्ही हातांची संपल्यावर तिनं मोजणं सोडून दिलं आणि तोंडाला पदर लावला.

माझ्या जुन्या सरांना फोन केला. त्यांनी सांगितलं ते सोपं होतं आणि भीतीदायक होतं. दाणा बंद, फक्त वाळलं गवत. नाला काढा. पाय थंड ठेवा, बर्फात ठेवता आले तर उत्तम. पायाखाली मऊ काहीतरी द्या. चालवू नका, अजिबात चालवू नका. हे पहिले दिवस सांभाळले नाहीत तर तो थर फाटतो, आतलं हाड खाली कलतं, मग घोडी परत उभी राहत नाही. खेड्यात बर्फ कुठून आणणार, असं त्यांनी काळजीनं विचारलं. मी म्हटलं, सर, लगनसराई आहे.

गावात बर्फाला तोटा नव्हता. मठ्ठ्यासाठी मेहकरहून लाद्या यायच्या, त्यातली एक रोज बिजलीच्या वाट्याला यायला लागली. आचाऱ्यांनी कुरकुर केली. म्हशी बसायच्या त्या डबक्याच्या काठाचा मऊ गाळ आम्ही अंगणात आणला, खड्डा केला, त्यात बर्फ आणि पाणी. चाचांनी एक एक खिळा अशा हातानं काढला की घोडीला कळलंही नाही. ते काढलेले खिळे त्यांनी मला तळहातावर ठेवून दाखवले, सगळे सरळ आणि कोरडे. मी माफी मागितली. त्यांनी ऐकू आलं नाही असं दाखवलं, आणि दुसऱ्यांदा मागायला लावली.

राहता राहिलं मऊ काहीतरी. सरांनी थर्मोकोल सांगितला होता, जाड, खुराच्या मापाचा कापून चिकटपट्टीनं बांधायचा. लगनसराईत थर्मोकोलही काही कमी नसतो. कालच्याच मांडवातली वधूवरांच्या नावांची पाटी खाला घेऊन आली. त्यामुळे बिजली पुढचे काही दिवस, बर्फाच्या खड्ड्याबाहेर असेल तेव्हा, डाव्या पायानं 'चि.' वर आणि उजव्या पायानं 'चि. सौ. कां.' वर उभी होती. थर्मोकोल दबला की बदलायचा. आठवड्याभरात तिनं तीन जोडपी आणि एक 'सुस्वागतम्' दाबून सपाट केलं.

इंजेक्शनं मीच द्यायचे. दुखणं आणि सूज उतरवणारी. आणि तिथेच खरी पंचाईत होती. तिसऱ्या दिवशी गावातल्या मास्तरांच्या मुलाचं लग्न होतं आणि खालानं शब्द दिलेला होता. मुलाचे काका सकाळीच आले. बोलायला फार गोड माणूस. त्यांचं म्हणणं साधं होतं. इंजेक्शन दिल्यावर घोडी बरी चालते असं त्यांनी ऐकलं होतं, मग तासभर आधी एक दांडगं इंजेक्शन द्यावं, चारशे पावलं तर जायचं आहे, नाचवणार नाही, हवं तर ताशा बंद ठेवू. मी नाही म्हटलं. त्यांनी माझ्या वयाकडे बघितलं आणि खालाकडे वळले. मालकीण ती होती.

खरं सांगते, मला भीती वाटली. कारण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी इंजेक्शन दिलं असतं तर बिजली चालली असती. दुखणं कळेनासं झालं असतं आणि ती त्या फाटणाऱ्या पायांवर मुकाट चारशे पावलं गेली असती. त्यानंतर कधीच नाही. आणि खालाच्या घरात बिजलीशिवाय दुसरं कुणी नव्हतं. गावाला दिलेला शब्द मोडला तर पुढच्या हंगामात तिला कोण बोलावणार, हे काका न बोलता बोलत होते. खाला बराच वेळ घोडीच्या मानेवर हात फिरवत राहिली.

"तिनं सांगतलं होतं, भाऊ," ती म्हणाली. "भर चौकात सांगतलं होतं. आपन टाळ्या वाजोल्या."

काका गेले, आणि मास्तरांचा मुलगा जेसीबीच्या बकेटात बसून लग्नाला गेला. मांडवाच्या दारात बायका डाळ-गुळाचं ताट घेऊन उभ्या होत्या. पद्धत मोडायची नाही म्हणून त्यांनी ते जेसीबीच्या ड्रायव्हरला भरवलं.

मी मात्र त्या लग्नाला नव्हते. त्याच दिवशी आईनं मेहकरला माझा बघण्याचा कार्यक्रम ठरवला होता. मी फोनवर म्हटलं, घोडीच्या पायांमुळे येता येत नाही. आईला वाटलं, मी आता कारणं देण्याचे कष्टही घेईनाशी झाले. तो मुलगा पुढे कुणाचा तरी चांगला नवरा झाला असेल. मी तेव्हा गुडघ्यापर्यंत गाळानं माखून बसले होते आणि डोळे मिटून बिजलीच्या पायांची उष्णता बघत होते, दोन्ही तळवे तिच्या खुरांवर ठेवून, डोकं खाली घालून.

आणि नेमकं तसंच मला मास्तरांच्या बहिणीनं, म्हणजे नवरदेवाच्या आत्यानं पाहिलं. घोडी खरंच आजारी आहे की खाला सोंग करते, हे तपासायला त्या आल्या होत्या. बघतात तर सरकारी डॉक्टर घोडीच्या पाया पडलेली. त्या थबकल्या. चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला, आणि माझ्या शेजारी बसून त्यांनीही दोन्ही हात खुरांना लावले. मी त्यांना समजावून सांगितलं की मी उष्णता बघते आहे. त्या म्हणाल्या, हाव बाई, ज्याचा त्याचा भाव.

संध्याकाळपर्यंत रांग होती. नवीन जोडपं आलं, जेसीबीतून उतरून. सासवा आल्या, सुना आल्या. मी प्रत्येकाला सूज, नाडी, खुरातला थर वगैरे सांगत होते आणि प्रत्येक जण मान हलवून खाली वाकत होता. मी वैतागून चाचांकडे पाहिलं. चाचा टोपी झटकत होते. येणाऱ्या प्रत्येकाला ते हळूच सांगत होते, हात लावल्यावर गरम लागलं की थंड ते डॉक्टरीणबाईले सांगून जाजा, नाही सांगितलं तर मन्नत पुरी होत नाही.

लोक सांगायला लागले. मी एकटी दिवसातून दोनदा हात लावत होते, आता पन्नास हात लागत होते. डावा जास्त गरम. आज दोन्ही सारखे. आज सकाळी कमी होता, दुपारी वाढला. मी लिहून घेत होते. इतकी बारीक नोंद मला कुठल्या मोठ्या इस्पितळातही मिळाली नसती. नवव्या दिवशी भल्या सकाळी, मी दात घासत असताना, आत्याबाई स्वतः दवाखान्यावर आल्या. दार वाजवलं नाही, बाहेरूनच म्हणाल्या, "बाई, गार हायेत. दोन्ही. मी तीनदा पाह्यलं."

मी तशीच ब्रश हातात घेऊन धावले. खाला खड्ड्याच्या काठाशी बसली होती. बिजली सरळ उभी होती. मागे न रेलता, चारी पायांवर, एका नव्या 'सुस्वागतम्' वर. खालानं माझ्याकडे पाहिलं आणि ती रडली, आणि तोंडात पेस्टचा फेस असताना रडता येत नाही हे मला त्या दिवशी कळलं.

बिजली परत नाचली नाही. पुढच्या हंगामात ती फक्त चालली, सावकाश, कडेच्या मातीवरून. खालाला कुणी वाळीत टाकलं नाही, उलट तिच्या अटी आल्या. घोडीला कुणी काही भरवायचं नाही, ज्याला भरवायचं त्यानं ते मुलीला भरवावं. घोडीला नाचवायचं नाही. आणि बसण्याआधी नवरदेवानं दोन्ही खुरांना हात लावायचा, गरम लागला तर खाली. तिसऱ्या अटीवर कुणीच हरकत घेतली नाही, कारण ती लोकांनी आधीच सुरू केली होती. माझी बदली झाली तेव्हा चाचांनी मला ती पकड दिली. आता तिचं मला काय काम, नजर गेली, असं म्हणाले. ते खोटं होतं. त्यांना लांबचं सगळं दिसायचं.

खालाचा अजून फोन येतो, ईदला आणि वैशाखात. बिजली म्हातारी झाली, दारातल्या कडुलिंबाखाली उभी असते. "तुमची पेशंट सावलीत हाये," असं सांगून खाला फोन ठेवते. त्यावर मी दिवसभर खुशीत असते.

तर आज सकाळचा तो ताशा. म्हशीची शिंगं आटोपून मी बाहेर आले तेव्हा परण्या रस्त्यावर उभा होता. वेगळी घोडी, तपकिरी, वेगळा घोडीवाला, एकही चेहरा ओळखीचा नाही. नवरदेव अजून खाली उभा होता, फेटा सावरत. आणि मग तो वाकला. फेटा एका हातानं धरून त्यानं घोडीच्या पुढच्या दोन्ही खुरांना हात लावले, एकाला, मग दुसऱ्याला, अंमळ थांबून. मागे बायका हात जोडून उभ्या.

मी जागच्या जागी उभी राहिले. शेजारी मोठ्या मिशांचे एक आजोबा होते. त्यांना विचारलं, हे काय करतात. त्यांनी माझ्या अडाणीपणाकडे जरा दयेनं पाहिलं आणि सांगितलं की ही फार जुनी रीत आहे, त्यांच्या आज्यापणज्यापासून चालत आलेली, त्यांच्या स्वतःच्या लग्नातही केलेली. आजोबांच्या लग्नाच्या वेळी मी जन्मलेही नव्हते. मी मान हलवली. जानेफळच्या लेकी कुठे कुठे नांदायला गेल्या आहेत, हे मनातल्या मनात मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

नवरदेव रिकिबीत पाय घालणार एवढ्यात मला राहवलं नाही. मी पुढे गेले. हाताला म्हशीचा वास, गळ्यात नळी, केस विस्कटलेले. ताशा थांबला.

"हात लावला तेव्हा खूर गरम लागला?" मी विचारलं.

तो गोंधळला. त्याला हे कुणी आजवर विचारलं नसावं. त्यानं आपल्या तळव्याकडे पाहिलं, आणि मग प्रामाणिकपणे आठवून म्हणाला, "नाही मॅडम. दोन्ही थंड होते."

"मग बसा," मी म्हटलं.